पेन्सिलीतला शेरा

विशेष शिक्षण विभागाच्या हेडक्लार्कला सगळ्या शाळांत 'खोडरबर' म्हणत. हे नाव त्याच्या बायकोनंच पाडलेलं. ती फिरती विशेष शिक्षिका. सरकारी शाळांत जी मुलं ऐकू न येणारी, कमी दिसणारी, एका जागी न बसणारी, त्यांना भेटून ती फॉर्म भरायची आणि चौकटीत जे मावत नसे ते समासात पेन्सिलीनं लिहायची. मग फाईल नवऱ्याच्या टेबलावर यायची. वरच्या कार्यालयात पेन्सिलीची रेघ दिसली तरी फाईल परत येते, म्हणून पुढे पाठवण्याआधी हा समास कोरा करी.

"माझी निम्मी नोकरी तुमच्या रबरानं खाल्ली," ती म्हणायची. एकदा तरी माझ्याबरोबर शाळेत चला, असाही तिचा लकडा असे. तो म्हणायचा, तपासण्या संपल्या की बघू. तपासण्या काही संपल्या नाहीत. चौदा महिन्यांपूर्वी ती गेली.

घरात तिच्या अक्षराचं काहीच सापडलं नाही. सामानाच्या याद्या ती डोक्यात ठेवायची आणि पत्र लिहायची वेळ कधी आली नव्हती. तिनं जे लिहिलं ते फायलींत, आणि फायलींतलं त्यानं आपल्या हातानं पुसलेलं. काही दिवस तो जेवणाच्या सुट्टीत जुने गठ्ठे सोडून बघायचा. समास स्वच्छ होते. कामात तो चोख होता.

गुरुवारी नूतनीकरणाच्या फायली आल्या. दर तीन वर्षांनी मुलाची पुन्हा पाहणी होते आणि त्यावर मदत चालू राहते किंवा थांबते. एका नऊ वर्षांच्या मुलीच्या फाईलला नव्या शिक्षिकेचा फॉर्म जोडला होता. चौदाही प्रश्नांपुढे खूण एकच: 'स्वतः करते.' म्हणजे सोमवारपासून तिची मदतनीस ताई बंद. त्यानं शेरा लिहायला पेन उघडलं आणि जुना फॉर्म चाळताना हात थांबला. पान टाचणीखाली दुमडलं होतं. दुमडीत तीन वर्षांपूर्वीचं पेन्सिलीतलं अक्षर तसंच राहून गेलं होतं.

'घंटेचं बघा. बाकी सगळं जमतं. ताईंना काढू नका.'

त्यानं पेनाला टोपण लावलं. शेजारच्या टेबलावरच्यानं विचारलं, काय हो, ऑब्जेक्शन आहे का? तो म्हणाला, नाही, अक्षर लागत नाहीये. अक्षर लख्ख लागत होतं.

त्यानं नव्या शिक्षिकेला फोन केला. पोरगी बिचारी कामसू होती. म्हणाली, बेचाळीस शाळा आहेत, एका मुलाला एक तास मिळतो. त्या मुलीनं अख्खं पान वाचून दाखवलं तेव्हा मला इतका आनंद झाला काका, की 'जमत नाही' अशी खोटी खूण कशी करू? घंटेचं विचारल्यावर तिला काही कळेना.

मग तो मॅडमकडे, म्हणजे विभागाच्या अधिकाऱ्यांकडे, फाईल घेऊन गेला. त्यांनी समासाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पेन्सिल म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्हीच मला शिकवलंत."

नियमात एक वाट होती. विभागातल्या कोणाही कर्मचाऱ्यानं समक्ष पाहून लिहिलेलं निरीक्षण जोडता येत होतं. त्याच्या उभ्या नोकरीत ते कोणी जोडलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, उद्या पाचला फायली जातात, बघा.

शुक्रवारी तो शाळेत गेला. मागच्या बाकाशेजारी त्याला पोरांची खुर्ची मिळाली. गुडघे हनुवटीला लागले तशी पोरं फिदीफिदी हसली. ती मुलगी मात्र वळली नाही. ती वाचत होती, वही काढत होती, पेन्सिलीला टोक करत होती. खिडकीपाशी ताई हातावर हात ठेवून बसली होती. अर्ध्या तासानं त्याला वाटलं, नव्या शिक्षिकेचंच खरं आहे. आपण बायकोच्या अक्षरापायी इथे आलोय, पोरीपायी नाही.

तास संपायला दोन मिनिटं असताना ताई उठली. मुलीनं वर न बघताच तिचा हात धरला. दोघी वऱ्हांड्याच्या टोकाच्या सामानाच्या खोलीत गेल्या. तो मागोमाग गेला. मुलगी गुंडाळलेल्या सतरंज्यांत कपाळ खुपसून उभी राहिली आणि ताईनं तिच्या कानांवर तळवे दाबले. घंटा झाली. दाराच्या काचाही वाजल्या. घंटा थांबल्यावर मुलीनं ताईचे हात एकेक करून स्वतः बाजूला केले आणि वर्गाकडे चालू लागली.

हे दिवसातून आठ वेळा चालतं, असं ताईनं सांगितलं. नव्या शिक्षिकेला का नाही सांगितलंत, असं त्यानं विचारलं.

"त्या घंटा व्हायच्या आधीच गेल्या, पुढची शाळा होती. आणि मला कोण विचारतंय?" मग ती जरा थांबून म्हणाली, "पुढच्या घंटेला मी उठत नाही. मग बघा काय होतं. आधीच्या बाईंनी एकदाच बघितलं होतं. पुन्हा नको म्हणाल्या."

ते पाहून लिहिलं असतं तर कोणाची हरकत घ्यायची छाती झाली नसती. पण त्यानं मुलीचं मनगट पाहिलं होतं. तिथे दातांचे जुने वण होते.

"नको. तुम्ही उठा," तो म्हणाला.

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही बाईंचे खोडरबर ना?"

तो हो म्हणाला. चौदा महिन्यांत त्याला या नावानं कोणी हाक मारली नव्हती.

आणखी दोन घंटा तो थांबला आणि त्या खोलीतल्या पेटीवर कागद ठेवून शाईनं लिहिलं. ताई केव्हा उठते, मुलगी कुठे उभी राहते, घंटा किती वेळ वाजते. शेवटी बायकोची तिन्ही वाक्यं जशीच्या तशी उतरवली आणि खाली स्वतःची सही केली.

मॅडमनी वाचलं. 'मदतनीस चालू ठेवावी' असं लिहून सही केली आणि फाईल परत सरकवताना जुन्या समासावर बोट ठेवलं.

"हे मात्र काढावं लागेल. फाईल परत आली तर महिना जाईल, तोवर पोरगी एकटी."

त्याला ते ठाऊक होतं. टेबलाशी येऊन त्यानं ड्रॉवरमधून रबर काढलं. कागद चुरगळू नये म्हणून डाव्या तळव्यानं पान धरलं आणि नेहमीसारखं उजवीकडून सुरुवात केली. आधी 'नका' गेलं, मग 'काढू'. 'घंटेचं' तेवढं राहिलं तेव्हा शिपाई पिशवी घेऊन आला आणि म्हणाला, साहेब, तुमच्यासाठीच थांबलोय. त्यानं तेही पुसलं. फाईल दिली. रबराचा चुरा फुंकून टाकला नाही, तसाच टेबलावर राहू दिला.

मग शाळेत फोन लावून ताईला बोलावून घेतलं आणि सोमवारी नेहमीसारखं कामावर यायला सांगितलं. तिनं बरं म्हटलं. आभार मानायची तिची पद्धत नसावी. मग म्हणाली, पुन्हा या कधीतरी, आता बाई तर येत नाहीत.

तपासण्या संपल्या की बघू, हे सवयीनं त्याच्या ओठांवर आलं. ते त्यानं गिळलं आणि विचारलं, पहिली घंटा किती वाजता होते?