बाबांच्या हातचं मलम

आमच्या बाबांना सगळी गल्ली कंपाउंडर म्हणायची. आईसुद्धा त्यांना तीच हाक मारायची. डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर पुड्या बांधल्या, औषधं ढवळली, मलमं घोटली. डॉक्टर गेले, दवाखाना बंद पडला, आई गेली. मग त्यांच्या हाताखाली पेशंट म्हणून उरले मी एकटी.

माझे गाल लाल. लाजल्यासारखे गोड लाल नव्हेत, नाकापासून कानापर्यंत तापलेले, मधूनमधून पुटकुळ्या आणि जवळून पाहिलं तर बारीक लाल रेषा. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानात मी काउंटरवर असते. मागे वाफेच्या इस्त्र्या फुसफुसत असतात. गिऱ्हाईक कोट घेता घेता माझ्याकडे बघतं आणि मनात म्हणतं, बाई घेते वाटतं. एकाने तर तोंडावर विचारलं. मी त्याच्या पँटीला दोन-दोन कडा पाडून दिल्या. आहे माझा स्वभाव तसा, काय करणार.

बाबा रोज संध्याकाळी गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर माझं मलम घोटायचे. डबीतलं साधं पांढरं मलम, त्यात एका ट्यूबमधलं थोडंसं, आणि बोथट सुरीने मागे-पुढे, मागे-पुढे. मग खुर्चीत बसायचे, मला समोर स्टुलावर बसवायचे आणि स्वतःच्या बोटाने गालांना लावायचे. मी कॉलेजात होते तेव्हापासूनचा हा नेम. सकाळपर्यंत लाली उतरायची. एखाद्या दिवशी राहून गेलं, की दुपटीने चढायची.

"बघितलंस?" बाबा खूश व्हायचे. "सगळं गेलं, पण हाताचा गुण काही गेला नाही."

पुढे मलम लावूनही आग व्हायला लागली. तेव्हा बाबांना न सांगता मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. तरुण बाई होत्या. भिंगातून गाल पाहिले, मग विचारलं, काय लावता? मी पर्समधून डबी काढून पुढे केली.

"हे कुणी दिलं?"

"बाबांनी. घरीच करतात."

"यात कुठली ट्यूब घालतात?"

मी नाव सांगितलं. त्यांनी डबीचं झाकण हळूच लावून टाकलं.

"तुम्हाला जे झालंय त्याला रोझेशिया म्हणतात. तो काही बाबांमुळे झालेला नाही. पण त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड आहे. त्याने वरवर शांत होतं आणि त्वचा पातळ होत जाते. सोडलं की उसळतं, म्हणून माणूस पुन्हा लावतो. वर्षानुवर्षं."

"मग आता?"

"उपाय आहेत की. पुटकुळ्यांना जेल, काही दिवस गोळ्या. रेषा राहिल्या तर नंतर लेझर करू. उन्हाचं क्रीम रोज लावायचं. वाफेपासून लांब राहायचं, चहा कोमट प्यायचा. मुळापासून जाणार नाही, पण ताब्यात राहील. मात्र आधी हे मलम बंद. सुरुवातीला चेहरा भडकेल, तेव्हा घाबरून परत लावू नका."

घरी येऊन मी थाप मारली. आता माझी मीच लावते म्हणाले, आणि रोजचं मलम कागदाला पुसून टाकायला लागले. चेहरा असा भडकला की उशी टेकवेना. पण मला काय होतंय ते बाजूलाच राहिलं. बाबाच खचले.

"माप चुकतंय गं माझं," ते म्हणाले. पुन्हा घोटलं. चष्मा पुसला, ट्यूब खिडकीशी नेऊन न्याहाळली. मग स्वतःच्या बोटांकडे बघत राहिले. "सगळ्या जन्मात एवढी एकच गोष्ट धड येत होती."

त्या दिवशी ते जेवले नाहीत.

काय सांगणार होते मी त्यांना? की बाबा, हात आत्ता चुकत नाहीये, पहिल्या दिवसापासूनच चुकत होता? इतक्या वर्षांच्या मायेने तुम्ही माझी कातडी पातळ केलीत? आणि नाही सांगितलं, तर हा माणूस आपला हात गेला म्हणून झुरून मरणार. मला भयंकर राग आला, आणि तो कुणावर काढावा तेही कळेना. शेवटी मी स्टूल ओढलं, त्यांच्यासमोर बसले आणि गाल पुढे केला.

"तुम्हीच लावा. मला मेलीला नीट जमत नाही."

सकाळी लाली उतरली होती. बाबा शेजारीपाजारी सांगून आले की एवढी घोडी झाली, पण पोरीला साधं मलम लावता येत नाही.

डॉक्टरबाई रागावल्या. "असं किती दिवस चालवणार?"

"ते आहेत तोवर."

त्यांनी कागदावर क्रीमचं नाव लिहून दिलं. मग म्हणाल्या, निदान उन्हाचं क्रीम तरी लावत जा.

बाबा थंडीत गेले. शेवटी शेवटी त्यांना सुरी पेलत नव्हती. मी मनगट धरायचे आणि ते घोटायचे.

त्यांच्यानंतर मी ते मलम लावलं नाही. घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि माझा चेहरा नुसता पेटलेला. मावशीने पोटाशी धरलं. "किती रडलीस गं! काय करून घेतलंस तोंडाचं. आवर आता."

माझ्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. आत सगळं दगड झालं होतं. पण मी मान हलवली. मावशी येईल त्याला सांगत राहिली, बापाची लाडकी, रडून रडून लाल झालीय.

पुढे जेल झालं, गोळ्या झाल्या, राहिलेल्या रेषांना लेझर झालं. मालकांनी मला वाफेपासून लांब, दाराजवळ बसवलं. हळूहळू आग निवत गेली. एके दिवशी तोंड धुतलं तर पाणी झोंबलं नाही. आरशातले गाल अगदी चारचौघींसारखे होते.

त्याच संध्याकाळी दुकानातून घरी आले, हातपाय धुतले, आणि सवयीने स्टूल ओढून बाबांच्या खुर्चीसमोर बसले. गाल पुढे केला. खुर्ची रिकामी आहे हे लक्षात यायला जरा वेळ लागला.

त्या दिवशी मात्र चेहरा लाल झाला तो खरंच रडून.