डुकराच्या पायातली माझी दोरी

मित्रांनो, मी प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊच्या एका प्रवाळबेटावरची म्हातारी होडी. आमच्याकडे जाडजूड झाड मिळणं म्हणजे नशीबच, म्हणून माझं अंग लहानमोठ्या फळ्यांचं. माझ्या मालकाच्या, म्हणजे तिनिएलूच्या वडिलांनी त्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. खिळा एकही नाही. बाजूची उलांडी, म्हणजे माझा तोल सांभाळणारा, दांड्यांवर बसवलेला ओंडका, तीसुद्धा तसल्याच दोरीने बांधलेली. मी मासे आणायचे आणि गावच्या मैदानात घराघराचे सारखे वाटे पडायचे. काय मिरवायचे मी तेव्हा!

मग पत्र्याची मोटरबोट आली आणि मी माडाखाली उपडी पडले. तिनिएलूचा जावई फालानी तर एवढा शहाणा, की त्याने उलांडीची दोरी सोडून नेली आणि त्या दोरीने डुक्कर बांधलं. "म्हातारीला आता कुठे जायचंय?" म्हणाला. ते मला फार लागलं.

एका दुपारी त्याच फालानीची मोटर बेटाभोवतीच्या प्रवाळखडकापलीकडे बंद पडली. वारा त्याला पश्चिमेला ओढू लागला. तिकडे शेकडो मैल नुसतं पाणी. गावातली दुसरी बोट शेजारच्या बेटावर गेलेली. त्याची बायको लुपे धावत आली, बापलेकीने मला सुलटं केलं.

"बाबा, उलांडी सुटलीय! दोरी डुकराच्या पायात आहे!"

"नायलॉनची दोरी बांध. घरी जाऊन येईपर्यंत फालानी दिसेनासा होईल!"

खडकावर लाटा फुटत होत्या. दोन लाटांमधली फट बघत तिनिएलू वल्हं रोखून थांबला. भीतीने माझी फळी न् फळी कुरकुरत होती.

"मार वल्हं!" तो लुपेला ओरडला.

आम्ही पार झालो, पण लाटेच्या तडाख्यात उलांडीची गाठ सरकली. काथ्या भिजला की आवळतो, नायलॉन निसटतो. उलांडी सुटली असती तर सगळेच बुडालो असतो. लुपे दांड्यावर पालथी पडली आणि तिने बांध दोन्ही हातांनी आवळून धरला.

"सोडू नकोस गं!"

"तुम्ही वल्हवा हो, माझं मी बघते!"

तिच्या बोटांतून रक्त आलं. फालानी ठिपक्याएवढा दिसत होता. मग हळूहळू मोठा दिसू लागला.

"काय जावईबापू," त्याला आत ओढत तिनिएलू म्हणाला, "डुक्कर बरं आहे ना?"

फालानी हसला नाही. बायकोचे हात बघून तो रडू लागला. परतताना बांध त्याने धरला. मोटरबोट तशीच वाहून गेली.

किनाऱ्याला लागताच तो ओल्या अंगाने घरी पळाला आणि माझी दोरी घेऊन आला. डुक्कर गावभर उंडारलं, पण त्या दिवशी कुणी शिव्या दिल्या नाहीत.

आता फालानी रोज जेवायच्या आधी माझी गाठ चाचपतो. मित्रांनो, तुम्हीही आपल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून हात लावून बघा. गरज पडेल त्या दिवशी लुपेसारखे हात जवळ असतीलच असं नाही.