एक्केचाळीस सेकंदांची नोंद

००:००

समोर कीबोर्ड नाही, आणि तरी कोणीतरी टाइप करतंय.

टक. टक टक. टक.

नवा माणूस या खोलीत आला की दचकतोच. मग शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला हसून समजावतो, घाबरू नका, हेच आमचं काम. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा एक मुकादम बसलेला असतो. कीबोर्ड असो, प्रिंटर असो, आत काही सांगायचं तर त्याच्यामार्फत. आणि प्रत्येकाची बोली मुकादमाला समजावायला एकेक ड्रायव्हर नेमलेला. आम्ही ते ड्रायव्हर तपासतो. खरी यंत्रं किती विकत आणणार? म्हणून खोटी बनवतो. अंग नसलेली. पलीकडे कोणी नाही, हे मुकादमाला शेवटपर्यंत कळत नाही.

"मग हे टाइप कोण करतंय?" नवा माणूस विचारतो.

इथे चष्मेवाला पलीकडच्या टेबलावरच्या तिच्याकडे बघतो आणि चष्मा पुसायला लागतो.

तर, टाइप करतोय तिचा दादा. त्याला जाऊन आठ महिने झाले.

०१:०५

दोघं भाऊ-बहीण एकाच ऑफिसात होते. हा खोटा कीबोर्ड दादाने बनवला, तेव्हा त्याने हट्टच धरला की त्याला पुरवायची बटणं माणसाने दाबलेली हवीत, यंत्राने बनवलेली नकोत. "यंत्र कधी नाक खाजवत नाही, ढमे. माणूस खाजवतो. आणि ड्रायव्हर नेमका तिथे तोंडावर पडतो." ढमी म्हणजे ती. ऑफिसात तिला असं म्हणायची छाती फक्त त्याची.

मग एका दुपारी त्याने समोर वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक ठेवलं आणि चौदा मिनिटं ते उतरवून काढलं. कोणतं बटण कोणत्या क्षणी दाबलं, किती वेळ दाबून ठेवलं, सगळं आवाजासकट साठवलं गेलं. ती शेजारी घड्याळ आणि वही घेऊन. त्यांच्या टीमची रीतच तशी होती: एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने प्रत्येक थांब्याचं कारण लिहायचं. पुढेमागे चाचणी अडकली तर थांबलं कोण, माणूस की यंत्र, हे वहीवरून कळावं.

०१:०५ शिंकला.
०२:४० पान उलटलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी दादा बाथरूममध्ये पडला तो उठलाच नाही. मेंदूत गुठळी. डॉक्टर म्हणाले, आधी काही लक्षणच नव्हतं, कोणाला काही करता आलं नसतं. त्या एका वाक्याला धरून वहिनी आठ महिने उभी आहे. दर रविवारी ती म्हणते, "कळायला वावच नव्हता ना गं?" आणि ढमी म्हणते, "नव्हता."

चाचणी मात्र रोज सकाळी अकराला चालते. रोज अकराला दादा कामावर येतो.

०३:३२

इथे आवाज थांबतो. एक्केचाळीस सेकंद.

आजवर त्याने कोणाचं काही अडलं नव्हतं. पण मागच्या मंगळवारी तिनेच ड्रायव्हरमध्ये नवा नियम घातला: तीस सेकंद बटण आलं नाही तर यंत्र मेलं समजा आणि यादीतून काढून टाका. तेव्हापासून चाचणी रोज इथेच नापास होते. एक्केचाळिसाव्या सेकंदानंतर दादा पुन्हा टाइप करायला लागतो, पावणेदहा मिनिटं करत राहतो, आणि त्यातलं एक अक्षर आत पोचत नाही. यादीत त्याचं नावच नसतं.

"कीबोर्ड गप्प बसला म्हणजे मेला?" चष्मेवाला म्हणाला. "मग आमच्या सासऱ्यांना कधीच काढून टाकायला हवं होतं."

टीमचा मुख्य हसला नाही. "ताई, शुक्रवारी हे बाहेर जायचंय. थांबा कापून टाका. वहीत बघा, काय कारण आहे? विशेष नसेल तर कापाच."

तिने वही उघडली.

०३:३२ काही नाही.

अक्षर तिचंच. छान, गोल. घाईत लिहिलेलं वाटत नाही.

वहीत नाही ते

ती तेव्हा खोलीत नव्हतीच.

पडदेवाल्याचा फोन आला होता. निळा की करडा? ती बोलत बोलत बाहेर गेली. परत आली तर दादा टाइप करत होता. स्क्रीनवर थांब्याचा आकडा होता, एक्केचाळीस. का थांबलास, हे एवढंसं विचारायचं होतं. नोंद चालू असताना बोलायचं नाही म्हणून विचारलं नाही. नंतर विसरली. रकाना रिकामा दिसायला नको म्हणून भरला.

आता दुपारभर ती तोच रकाना मनात भरत बसली.

०३:३२ पाणी प्यायला.
०३:३२ खिडकीबाहेर बघत बसला.
०३:३२ हात

पुढचं तिच्याने लिहवेना. त्याऐवजी तिने डाव्या हाताची बटणं एका बाजूला काढली, उजव्या हाताची दुसऱ्या बाजूला. थांब्याआधी दोन्ही हात बरोबरीने चाललेले. थांब्यानंतर डावं प्रत्येक बटण जरासं उशिरा. अगदी जरासं, पापणी लवायच्या आतलं. पण प्रत्येक. शेवटच्या बटणापर्यंत.

लक्षण होतं. तीन आठवडे आधी, तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी.

थांबा कापायला एक ओळ पुरली असती. कापला की दोन तुकडे सांधले गेले असते आणि पुन्हा कोणी तिथे बघितलं नसतं. मुख्याला बरं, तिला बरं, वहिनीला तर सगळ्यात बरं.

तिने थांबा ठेवला आणि स्वतःचा नियम काढला. चाचणी पास झाली. "बघा, झालं की," मुख्य म्हणाला.

रविवार

वहिनी शिवणकाम करते. एका कोटाला अस्तर लावत बसली होती. "ये. कळायला वावच..." हे तिचं पुरं व्हायच्या आत ढमीने लॅपटॉप उघडला. "वहिनी, आधी हे ऐक. दादा आहे."

टक टक. टक.

वहिनीचे हात थांबले. तिने पूर्ण चौदा मिनिटं मान वर केली नाही. मग म्हणाली, "पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा, थांबा संपल्यावर, तिने बोट वर केलं. "इथून हात बदललाय. डावा ओढतोय." ढमीने काही सांगितलंच नव्हतं; पण घरी त्याचं टाइप करणं वहिनीने वर्षानुवर्षं ऐकलेलं. "तू होतीस ना शेजारी? काय झालं होतं तेव्हा?"

"नव्हते. बाहेर फोनवर होते. वहीत खोटं लिहिलं, काही नाही म्हणून."

वहिनीने सुई कापडात खोचून ठेवली.  मग विचारलं ते भलतंच.

"पुढे चुका किती केल्या त्याने?"

ढमीने मोजल्या होत्या. "आधीच्या साडेतीन मिनिटांत अकरा. नंतरच्या पावणेदहांत दोन."

"म्हणजे बघून बघून मारत होता. एकेक." वहिनीचा आवाज अगदी साधा होता. "म्हणजे कळलं होतं त्याला."

हे ढमीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती आपली स्वतःचीच चूक मोजत बसली होती.

"त्या दिवशी घरी आला तो म्हणाला, भूक लागलीये. तीन आठवडे, गं. तीन आठवडे माझ्यासमोर बसून जेवला हा माणूस."

"वहिनी, मी जर तेव्हा..."

"तुझं काय करायचं ते मी नंतर बघते. पुन्हा लाव."

तिसऱ्यांदा. ०३:३२ ला आवाज थांबला. वहिनी लॅपटॉपकडे वाकली आणि नेहमीच्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "काय होतंय? सांग की."

दहा सेकंद. वीस.

"अरे, सांग की."

तिसाव्या सेकंदाला वहिनी उठली. कोट उचलला, आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. अस्तराची एक पट्टी खुर्चीवरच राहिली.

मग आवाज पुन्हा सुरू झाला. सावकाश, नीट, एकेक अक्षर बघून, चूक न होऊ देता.

"बंद कर ते," आतून वहिनी ओरडली.

ढमीने हात पुढे केला. अजून साडेनऊ मिनिटं बाकी होती.