कोपऱ्यातली चार तिकिटं

नाटकाला आम्ही चौघं जायचो. रविवारी दुपारचा प्रयोग असला की आमचे हे सकाळी फुलांच्या जाळ्या घेऊन मार्केटला निघायचे आणि तिथला माल संपवून स्कूटरने परस्पर थिएटर गाठायचे. तिकीटखिडकीवरच्या बाबूकडून खुर्च्यांचा प्लॅन आपल्याकडे फिरवून घ्यायचा आणि दाराजवळच्या कोपऱ्यातल्या चार खुर्च्यांवर बोट ठेवायचं, ही त्यांची पद्धत. आमचा मुलगा हर्षल बिथरला तर लगेच बाहेर पडता यावं म्हणून तो कोपरा. मी, मुलगी उज्वला आणि हर्षल मागून रिक्षाने पोचायचो, तोवर हे खुर्चीत बसलेले असायचे.

डॉक्टरांनी हर्षलच्या आजाराला ऑटिझम म्हणतात असं सांगितलं, तेव्हा हे म्हणाले होते, "नावापेक्षा पोरगं सोपं आहे."

घंटेच्या आधी आम्ही त्याच्या कानांत कापूस घालायचो. सगळं थिएटर हसून थांबलं की मग एकटा हर्षल हसायचा. लोक वळून बघायचे. हे म्हणायचे, "बघता काय? आमचा माणूस विनोद चावून खातो, तुमच्यासारखा गिळत नाही."

अशाच एका रविवारी "चला, थिएटरात भेटू" म्हणून हे गेले आणि मार्केटातच छातीत कळ येऊन कोसळले.

घरात माणसं जमली. दीर चिमाजीभाऊ म्हणाले, "वहिनी, पोरगं एवढ्या रडारडीत राहायचं नाय. त्याला हलवा इथून." ते सगळ्यांनाच पटलं, मलाही. नणंद सिंधुबाई त्याला दिंडोरीला घेऊन गेली. तेरावं उरकल्यावर तो परत आला, तेव्हा भिंतीवर हार घातलेला फोटो होता. तो "बाबा" म्हणाला आणि जेवायला बसला.

पुढच्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा. "नाटक. रिक्षा."

"यंदा नाही रे राजा. वर्ष सांभाळायचं असतं."

दर रविवारी हेच. चौदा वर्षांचं पोर, संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात उभं. शेजारच्या नवसाबाई हळहळल्या, "बापाचं काय नाय वो त्याला, नाटकाचंच लागलंय." मला राग आला, पण मनात मीही तेच धरून बसले होते. हे गेल्यापासून तो एकदाही हसला नव्हता. एक नाटक बघितलं की हसेल, मग चावून का होईना. त्या एवढ्याशा आशेवर मी वर्ष काढलं.

वर्षश्राद्ध झालं आणि मी स्वतः तिकीटखिडकीवर गेले. बाबूने ओळखलं. न सांगताच प्लॅन माझ्याकडे फिरवला. "चारच ना, वहिनी? साहेब नाही आले?"

"येतील," म्हणाले मी. का म्हणाले, देव जाणे. तिकिटंही चार घेतली.

प्रयोगाच्या दिवशी कधी न पळणारा हर्षल पळतच आत गेला. कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी थांबला. खुर्चीवर हात फिरवून बघितला. तिसरी घंटा झाली तरी बसेना. उज्वलाने ओढून बसवलं. उशिरा आलेल्या एकाने विचारलं, "इथे कुणी आहे का?"

"बाबा," हर्षल म्हणाला.

पहिल्या अंकात थिएटर सारखं हसत होतं. प्रत्येक हशानंतर मी अंधारात कान देऊन बसायचे. तो हसला नाही. मान वळवून दाराकडे बघत राहिला.

मध्यंतरात तो उठला आणि एकेका रांगेत शिरून पुरुषांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघू लागला. एक गृहस्थ खेकसले, "काय आहे रे?" मी माफी मागत मागे धावत होते. उज्वलाने माझा दंड धरला.

"आई, तो बाबांना शोधतोय. त्याला दिंडोरीला नेलं, कुणी काही दाखवलंच नाही गं. तो समजतोय, बाबा इथे येऊन बसलेत."

वर्षभर तो नाटकासाठी उभा नव्हता.

प्रयोग संपला, माणसं गेली, तरी हर्षल जागचा उठेना. पडदा उघडाच होता आणि कामगार नाटकातल्या घराच्या भिंती उचलून नेत होते. मी त्याच्यासमोर खाली बसले. आमच्या घरात वर्षभर "हे गेले", "देवाघरी", "वारले" असं सगळं बोलून झालं होतं. एक शब्द तेवढा कुणी उच्चारला नव्हता.

"हर्षल, बाबा मेले. इथे नाहीत. कुठेच नाहीत. आता येणार नाहीत."



हर्षल माझ्या तोंडाकडे बघत होता. "बाबा मेले," तो म्हणाला. अगदी स्पष्ट. मग उठला.

दारावरच्या माणसाला त्याने सांगितलं, "बाबा मेले." वडेवाल्याला सांगितलं. मी त्याला अडवलं नाही. रिक्षात बसल्यावर ड्रायव्हरच्या खांद्याला बोट लावून तेच सांगितलं.

ड्रायव्हरने टेप बंद केला. "अरेरे. कधी, बाळा?"

"आज," हर्षल म्हणाला.

आम्ही दोघींनी त्याला दुरुस्त केलं नाही.