निळ्या शर्टातला संशयित

निळा चौकटीचा शर्ट. कोपराला ठिगळ.

कापसाच्या बोंडाची वाळलेली टोकं. हात ओरबाडतात, कपडा फाडतात.

एसटीत ड्रायव्हरची नोकरी. चारित्र्याचा दाखला आज पाचच्या आत जमा झाला पाहिजे.

चौकातल्या खांबावरचा कॅमेरा. त्याच्यावर बसून एक होला रोज हगतो.

धोका : जास्त.

या सगळ्याची गाठ पडली ती शकीलाच्या दारात. वऱ्हाडातल्या उंद्रीच्या वाटेवरच्या त्या गावात कापूस वेचायला जाणाऱ्या बाया अंगावर घरातल्या पुरुषाचा शर्ट चढवतात, तोंडाला फडकं गुंडाळतात, खांद्यावर रिकामी पोती टाकतात आणि दिवस उगवायच्या आत निघतात. शकीला सलवार-कमिजावर नवऱ्याचा, अब्दुल गनीचा शर्ट घालायची.

यंदा गोदामातला कापूस चोरीला गेला आणि ठाण्याने चौकात हे कॅमेऱ्याचं यंत्र बसवलं. चोरी व्हायच्या आधीच चोर सांगणारं! त्या यंत्राला रोज पहाटे एकच दिसायचं : चौकाला लागून असलेल्या शकीलाच्या घरातून पोतं घेतलेला, तोंड बांधलेला पुरुष निघतो. त्या घरात पुरुष नोंदलेला एकच, तिचा मुलगा आसिफ. तो तेव्हा अंथरुणात घोरत पडलेला असायचा.

दाखला घ्यायला गेलेल्या आसिफला पहाटेच्या त्या निळ्या शर्टापायी ठाण्यात बाकावर बसवून ठेवलंय, हे कळलं तेव्हा शकीला वावरात होती. तिने पोतं टाकलं आणि तशीच निघाली.

मागून तानाबाई ओरडली, "अवं शकीला, शर्ट त काढ! जमादार तुले सलाम ठोकंन!"

"ठोकू दे. त्याच्यासाठीच जाऊन राह्यली मी."

ठाण्याच्या दारातल्या कॅमेऱ्याखाली ती तोंड बांधूनच उभी राहिली. आत टेबलावरचा पडदा कुंई करून वाजला. जमादार जानरावने वाचलं, "आसिफ अब्दुल गनी. धोका जास्त." मग त्याने बाकाकडे पाहिलं. आसिफ बाकावरच होता.

"साहेब," जानराव म्हणाला, "हा दोन ठिकाणी हाय."

शकीलाने फडकं सोडलं.

"अम्मी!" आसिफ उठला.

"बस तू. वळखलं का साहेब तुमच्या चोराले? रोज पहाटे मी असते. मांगं तानाबाई, बेबीताई. लिहा आमची बी टोळी!"

ठाणेदार पुण्याकडचे, तरणे, बोलायला गोड. "मावशी, चूक आहे, मला दिसतंय. पण 'धोका जास्त' हा लाल शेरा असेपर्यंत दाखला देता येत नाही, आणि तो इथून पुसता येत नाही. वर कळवावं लागेल. महिना तरी जाईल."

"लावाले कोणाले इचारलं व्हतं?"

"तो आपोआप लागतो."

"लागते आपोआप, आन् पुसाले अर्ज?"

"तोवर तुम्ही हा शर्ट घालू नका, म्हणजे..."

शकीला टेबलापाशी गेली. तिने कमिजावरचा शर्ट उतरवला आणि टेबलावर आपटला. कापसाचे तंतू साहेबांच्या चहात पडले.

"घ्या. करा अटक याले. ज्याचा शर्ट हाय तो माणूस पाच वर्सं झाली मेला. तवा पाहाले कोणी आलं नाही, आन् आता रोज दिसून राह्यला तुमच्या मशीनले!"

जानराव हसला. तिने वळून पाहिलं तसं त्याने रजिस्टर उघडलं.

पाच वाजून गेले. दाखला मिळाला नाही. आसिफने लायसन खिशात घातलं आणि आईच्या मागे चालू लागला. शर्ट टेबलावरच राहिला.

चौकात खांबाखाली आसिफ थांबला. वाकून त्याने दगड उचलला. होला उडाला.

"टाक तो," शकीला म्हणाली. तिच्या आवाजाला धार होती. "खरं करतं का बे त्या मशीनले?"

दगड बराच वेळ आसिफच्या मुठीत राहिला. मग त्याने तो नालीत टाकला.

अब्दुल गनी बीटी कपाशीवर बोंडअळीचं औषध फवारताना विषबाधा होऊन गेला, त्या दिवशी तो नुसत्या बनियनवर होता. शर्ट दोरीवर वाळत होता.