पुलावर अडकलेली बस

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. इंजिन बंद असले तरी हल्ली माझी धडधड थांबत नाही.

कारखान्यातून आले तेव्हा माझा रंग काय खुलला होता! स्टेशन ते रुग्णालय हा माझा मार्ग. माझ्या मागोमाग दुसरी बस येई, त्यामुळे एखादी चुकली तरी कोणी हळहळत नसे. मग घरोघरी मोटारी आल्या. त्यांच्या गर्दीत मी मुंगीच्या पावलांनी सरकू लागले. उशीर होतो म्हणून लोकांनी मला सोडले, लोक कमी झाले म्हणून कार्यालयाने बस कमी केल्या, आणि बस मिळेना म्हणून आणखी मोटारी आल्या.

थांब्यावर ताटकळणाऱ्यांत एक सूनबाई होती. सासऱ्यांना दिवसाआड डायलिसिसला न्यावे लागे.

एका सकाळी मी पुलावर अडकले. पुढे मोटारी, मागे मोटारी, एकेकीत एकेकच माणूस. सासऱ्यांना धाप लागली होती. सुजलेले पाय चपलेत मावत नव्हते.

"सिस्टर, त्यांचं मशीन दुसऱ्या कुणाला देऊ नका हो!" सूनबाई फोनवर काकुळतीला आली होती.

"अगं, आजारी मी आहे ना? मग घाम तुला का फुटलाय?" सासरे कसेबसे हसले.

माझ्याजवळ नुसता हॉर्न होता, आणि तो तर सगळेच वाजवत होते!

शेवटी कंडक्टर खाली उतरला. काचा ठोठावत म्हणू लागला, "दादा, आत पेशंट आहे. जरा बाजूला घ्या." एक मोटार कडेला सरकली, मग दुसरी. आम्ही पोहोचलो, तेव्हा सिस्टर दारातच उभी होती. "आणखी उशीर झाला असता तर..." म्हणत ती सासऱ्यांना घाईने आत घेऊन गेली.

सूनबाईने तक्रार केली, तेव्हा वाहतूक खात्याचे साहेब स्वतः माझ्यात येऊन बसले. पुन्हा तोच पूल, तोच खोळंबा.

"ताई, बस वाढवल्या तरी त्याही इथेच अडकणार," ते म्हणाले.

"मग त्यांना वेगळी वाट द्या ना, साहेब!"

साहेब खिडकीबाहेर बघून एकेकट्या माणसाच्या मोटारी मोजू लागले. काही दिवसांनी रस्त्याची एक बाजू फक्त बससाठी राखली गेली. माझी फेरी लवकर संपू लागली, त्यामुळे तेवढ्याच बस थांब्यावर अधिक वेळा दिसू लागल्या. सोडून गेलेले प्रवासी एकेक करून परत येऊ लागले.

पण मोटारवाले चिडले आहेत. ही वाट ठेवायची की काढायची, ते उद्या ठरणार आहे. सासऱ्यांना परवा पुन्हा जायचे आहे.

मित्रांनो, माझा रंग उडाला तरी चालेल. माझी वाट मात्र अडवू नका. माझ्यात बसलेल्या कोणाला तरी उशीर परवडणारा नसतो.