वाचून निघून जाणारी माणसे

“एक सांगून ठेवतो. कोण कुठून आलं ते रिपोर्ट सांगेल, पण शेवटची पायरी तेवढी सांगेल. आधीच्या पायऱ्या त्यात दिसत नाहीत. नुसत्या रिपोर्टवर जाऊ नका.” मला बांधणाऱ्या माणसाने लॅपटॉप मिटता मिटता असे बजावले होते. माझ्या मालकिणीने मान डोलावली. मी मात्र ते कानाआड केले. माझा रंग नुकताच ठरला होता आणि मी त्यातच गुंग होते.

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. माझी मालकीण शिवणकाम करते. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या, दोन तळव्यांत मावतील एवढ्या बाळांची झबली ती शिवायची. खिडकीजवळ मशीन, बाजूला धुतलेल्या कापडाच्या घड्या. कापड तीनदा गरम पाण्यातून काढल्याशिवाय ती कात्री लावत नसे. शिवण बाहेरच्या अंगाला, म्हणजे बाळाला टोचत नाही. कुशीला दवाखान्यात लावलेल्या नळीपुरती फट. तिची मुलगी अशीच लवकर आली होती. तिच्या पहिल्या झबल्याच्या बाह्या चार वेळा दुमडूनही आत हात सापडत नव्हता. तेव्हापासून मालकिणीने हे काम धरले.

मालकिणीची थोरली बहीण दवाखान्यात नर्स आहे. ताई सांगायची आणि मालकीण माझ्यात लिहायची. ‘नळी असताना झबलं कसं चढवायचं’, ‘पाय गार लागले तर काय बघायचं आणि डॉक्टरांना कधी फोन करायचा’, अशी चाळीस पाने झाली.

आता तुम्हाला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते. तुम्ही सर्चमध्ये प्रश्न टाइप करता तेव्हा उत्तरांची यादी येते. वरच्या काही ओळींजवळ बारीक अक्षरांत ‘जाहिरात’ असे लिहिलेले असते. ती जागा विकतची. पैसे थांबले की ती ओळ नाहीशी होते. खालच्या ओळी विकत मिळत नाहीत. प्रश्नाचे नीट उत्तर देणाऱ्या पानांना ती जागा हळूहळू मिळते. मला सात महिने लागले. मग मालकिणीचे धाकटे दीर मदतीला आले आणि त्यांनी माझी जाहिरातही सुरू केली.

दोन्ही ओळी एकमेकींना हात देत होत्या. मालकिणीने माझ्यात ‘अपुऱ्या दिवसांचे बाळ’ असे लिहिले होते. आया मात्र ‘बाळ खूप बारीक आहे’ असे टाइप करत होत्या. लोक कोणते शब्द टाइप करतात ते जाहिरातीच्या हिशेबात दिसते, त्यातून हे कळले. मालकिणीने पानांची नावे बदलली आणि माझी खालची ओळ वर सरकली. पहिल्या दिवशी कोणी बाई खालच्या ओळीवरून आत यायची, पान वाचायची आणि निघून जायची. तीन-चार दिवसांनी पुन्हा शोधायची. तेव्हा वरही माझे नाव आणि खालीही तेच, असे दिसले की तिला हायसे वाटायचे. बोट मात्र वरच्या ओळीवर पडायचे, कारण ती आधी दिसते. रिपोर्टमध्ये नोंद व्हायची: जाहिरातीतून आली, झबले घेतले. तिचे आधीचे येणे कोणी लिहीत नव्हते.

तेव्हा माझे कौतुक फार व्हायचे. एका आईने कळवले होते, ‘तुमचं पान वाचून आज त्याला मी स्वतः कपडे घातले. नर्सला बोलावलं नाही.’ मालकिणीने ते ताईला दोनदा वाचून दाखवले होते.

एका दुपारी दीर रिपोर्ट घेऊन बसले.

“वहिनी, बघा की हे. चाळीस पानं, हजारो वाचणारे आणि त्यातून घेणारं एक नाही! घेतात ते सगळे जाहिरातीतून आलेले. आपण वाचनालय काढलंय का?”

मालकीण हसली. ताई ड्यूटीवरून थेट तिकडेच आली होती. ती म्हणाली, “वाचू देत की. तुमचं काय जातंय?”

“फुकटे आहेत हो ताई सगळे.”

“फुकटे नाहीत, घाबरलेत.”

“घाबरलेल्यांना तुमच्या वॉर्डात ठेवा. इथे दुकान आहे.”

“तुम्हाला पोर होऊ दे, मग बोलू आपण,” ताई म्हणाली आणि तिघेही हसले.

मालकीण थकली होती. रोज कुणाच्या ना कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे, वर शिवायचे, वर मुलीचे बघायचे. ती म्हणाली, “भावजी, तुम्हाला त्यातलं कळतं. करा काय ते.”

त्यांनी चाळीस पाने पुसली. त्या जागी एका झबल्याचे मोठे चित्र आणि ‘आत्ताच मागवा’ असे बटण आले. खोटे कशाला बोलू, मला तेव्हा हलके वाटले. छानही दिसत होते मी.

दोन-तीन आठवडे सगळे सुरळीत होते. आधी वाचून गेलेल्या आया अजून परतत होत्या. “बघितलंत?” दीर म्हणाले. मग खालची ओळ खाली घसरू लागली, कारण माझ्याकडे आता कोणत्याच प्रश्नाचे उत्तर नव्हते. जाहिरातीवरून माणसे येत होती, पण ती अनोळखी. झबल्याचे चित्र बघायची आणि मागे फिरायची. दीड किलोच्या बाळाला अनोळखी बाईने शिवलेले कपडे कोण घालील? वरची जागाही महाग झाली. ज्या पानावरून लोक लगेच परततात, त्याच्याकडून सर्चवाले जास्त मागतात. शेवटी एका मोठ्या दुकानाने ती जागा घेतली आणि माझी जाहिरात बंद झाली.

“पानं परत टाक ना,” ताई म्हणाली. “कुठे लिहून ठेवली असशीलच.”

“थेट वेबसाइटमध्येच लिहायचे गं मी, दुसरीकडे कुठे नाही.”

दीर खाली मान घालून चार्जरची वायर गुंडाळत राहिले.

मालकिणीने आठवून आठवून तीन पाने पुन्हा लिहिली. चौथ्याला तिचा हात चालेना. ती तीन आता यादीत इतकी खाली आहेत की तिथपर्यंत कोणी पोचत नाही. मालकीण हल्ली पडदे आणि उशांचे अभ्रे शिवते. मला ती उघडतही नाही. दीरांवर ती कधी चिडली नाही. चिडली असती तर बरे झाले असते, असे मला वाटते.

मित्रांनो, कामाची वस्तू शोभेची झाली की तिची हीच गत होते. पण माझे जाऊ द्या. मला दुसरेच सांगायचे आहे.

मंगळवारी एक बाई माझ्याकडे आली. कुठल्या जुन्या लिंकवरून आली, कोणास ठाऊक. माझ्यात शोधायची एक छोटी चौकट अजून शिल्लक आहे. तिच्यात तिने लिहिले, ‘बाळ घरी आणलं, खूप बारीक आहे’. उरलेल्या तीन पानांत हे शब्द नव्हते. मी उत्तर दिले, ‘काहीही सापडले नाही’. तिने लिहिले, ‘उचलताना हात थरथरतात’. काहीही सापडले नाही. मग दोनच शब्द, ‘भीती वाटते’. मला एवढे एकच वाक्य येते. मी तेच पुन्हा दाखवले. ती गेली. ती कोण, कुठली, मला माहीत नाही. ती परत आली तरी माझ्याजवळ तिच्यासाठी काही नाही.

तुमच्या जिन्यात, गल्लीत, नात्यात कोणाकडे नवे बाळ आले असेल आणि त्यांचे दार चार दिवस बंद दिसत असेल, तर तुमच्या आईला सांगा. हात धुऊन दोघे जा. बाळ दाखवा म्हणू नका. आधी त्याच्या आईला विचारा, तू कशी आहेस, जेवलीस का. ती ‘बरी आहे’ म्हणेल. तेवढ्यावर परतू नका, जरा बसा. आणि हे उद्यावर टाकू नका.